नववा आवाज

"सर, तो नववा आवाज दारूना व्हता का डोंगरना?"

हा प्रश्न चिंधा बैसाणे यांनी मला जानेवारी १९९१ मध्ये, सातपुड्यातील एका बंद खाणीच्या काठावर उभे असताना विचारला. मी अमळनेरच्या महाविद्यालयात भूगोल शिकवत होतो आणि प्रतिध्वनीचे गणित मला तोंडपाठ होते. समोरचा उतार अंदाजे साडेतीनशे मीटरवर आहे, म्हणजे आवाज जाऊन परत यायला दोन सेकंद लागतील, असे मी तिथल्या तिथे सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "ते बठ्ठं खरं शे. पन तुमी त्या दिननं सांगा." त्या दिवशी, बारा वर्षांपूर्वी, मी तिथे नव्हतो.

खानदेशातील लहान खाणींविषयी त्या वर्षी मी टिपणे गोळा करत होतो. चोपड्याच्या उत्तरेस, पर्वताच्या पायथ्याशी करंजपाणी नावाचे गाव आहे. तिथून दोन तास चढून गेले की साग, अंजन आणि सालईच्या रानात डोंगराचा एक पांढरा पडलेला कुशीचा भाग दिसतो. या ठिकाणी १९६४ ते १९७९ या काळात पांढरा चमकदार दगड काढला जात असे. तो बैलगाड्यांनी खाली येई आणि पुढे काचेच्या व रंगाच्या कारखान्यांकडे रवाना होई. चाळीस-पन्नास माणसे कामाला असत, त्यांत पावरा समाजाचे लोक अधिक आणि करंजपाणीच्या बौद्ध वस्तीतील दहाबारा जण. चिंधाआबा त्या वस्तीतले. खाणीत सुरुंग लावण्याचा परवाना एकट्या त्यांच्याजवळ होता.

मी भेटलो तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. अंगाने कृश, डाव्या कानाने जवळजवळ बहिरे. उजवा कान मात्र शाबूत, आणि बोलताना तोच पुढे करण्याची लकब. खाण बंद पडल्यावर ते रानात धावड्याचा डिंक गोळा करत आणि हिवाळ्यात चोपड्याच्या जिनिंगमध्ये कापूस उपसण्याच्या कामावर जात. पत्नी आधीच वारली होती. मुलगा सुरतेला कामाला. घरात ते आणि त्यांची सून मंदाबाई.

सुरुंग लावण्याची त्यांची रीत त्यांनी मला जमिनीवर रेघा ओढून समजावली. कातळाला पहारीने भोके पाडायची, भोकात दारूची कांडी, कांडीला ठिणगी देणारी टोपी, टोपीला वात, वरून माती ठासायची. वाती एकसारख्या कापायच्या नाहीत. प्रत्येक पुढची वात मागच्यापेक्षा चार बोटे लांब, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. जितक्या वाती पेटवल्या तितके खडे सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि आडोशाला जाऊन बसायचे. एक आवाज झाला की एक खडा बाहेर. खिसा रिकामा झाल्याशिवाय कोणालाही खाणीत उतरू द्यायचे नाही. एक जरी खडा उरला, तरी त्या दिवसाचे काम बंद. दुसऱ्या दिवशी ते एकटे आत जात आणि न उडालेला बार शोधत.

खाणीतले इतर लोक खंडेनवमीला हत्यारांपुढे नारळ फोडत. चिंधाआबा फोडत नसत. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, त्यानंतर घरातून हे सगळे गेले होते. त्या दिवशी ते पहारी, घण आणि उरलेल्या टोप्या मोजत आणि आकडा मुकादमाला सांगत. पंधरा वर्षांत त्यांच्या हाताखाली एकही माणूस दगावला नाही. परिसरात त्यांची ख्याती या एका गोष्टीची होती, आणि पुढे जे घडले त्यात हीच ख्याती त्यांच्या आड आली.

खाणीचा भाडेपट्टा मार्च १९७९ अखेर संपणार होता. होळीसाठी पावरा मजूर पंधरा दिवस गावी गेले होते. ते परतल्यावर शेवटची एक फेरी उडवायची ठरली. भोके नऊ. त्यांपैकी सात खाणीच्या आतल्या भिंतीत होती, आणि दोन बाहेरच्या ओठावर, दरीकडे तोंड करून. चिंधाआबांनी नऊ वाती पेटवल्या, नऊ खडे खिशात घेतले. नऊ आवाज झाले. खिसा रिकामा झाला. नोंदवहीत लिहिले गेले: लावले नऊ, उडाले नऊ. त्याखाली त्यांनी सही केली. सही तेवढीच त्यांना करता येई. दोन दिवसांत थोडा दगड उचलला गेला, मग पट्टा संपला आणि सगळे घरी गेले. ओठावरचा ढिगारा तसाच राहिला.

यानंतर अकरा वर्षे त्यांना कसलीही शंका आली नाही. १९९० च्या हिवाळ्यात ते खाणीच्या ओठाजवळ डिंक काढत होते. शेजारच्या नाल्यात कोणाच्या तरी विहिरीचा सुरुंग उडाला. एकच बार. त्यांच्या उजव्या कानाने दोन ऐकले.

"पहिले समोरना डोंगरवर दाट जंगल व्हतं," त्यांनी मला सांगितले. "तो आवाज गिळी ले. पंधरा वरीस मी आठे बार उडावात, एकदा बी तो बोलना नही. मंग झाडे तोडी टाकात, आन तो बोलाले लागना."

समोरच्या उतारावरची तोड झाली ती फेब्रुवारी-मार्च १९७९ मध्ये. मजूर होळीला गेले होते, त्याच पंधरवड्यात. म्हणजे उघड्या झालेल्या डोंगरासमोर उडालेली एकमेव फेरी ती शेवटचीच. आतल्या सात भोकांचे आवाज खाणीच्या पोटातच घुमून विरले असणार, त्यांविषयी त्यांना शंका नव्हती. प्रश्न ओठावरच्या दोनांचा होता. दोन्ही उडाले असतील आणि डोंगर गप्प राहिला असेल; किंवा एकच उडाला असेल आणि दुसरा आवाज समोरून आला असेल. आठव्या आणि नवव्या आवाजात दोन सेकंदांएवढे अंतर होते, हे त्यांना पक्के आठवत होते. वातींच्या लांबीमुळे पडणारे अंतरही तेवढेच होते, म्हणून त्यावरून काही ठरत नव्हते.

त्या जानेवारीच्या दिवशी आम्ही दोघांनी ओठावरचा मुरूम हाताने बाजूला केला. एक भोक सापडले. उडालेल्या भोकाची अर्धी नळी कातळात राहते, तशी ती स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या भोकाच्या जागेवर एक शिळा येऊन बसली होती, बैलगाडीच्या साटीएवढी. चिंधाआबा तिच्याभोवती दोनदा फिरले, तिला हात लावून पाहिला आणि खाली बसले.

"हाई हालावानी तं सुरुंगच लावना पडी," ते म्हणाले, आणि हसले. ते हसू मला ऐकवले नाही.

ही शंका त्यांनी मनातच ठेवली असती, कदाचित मरेपर्यंत ठेवली असती. पण १९९१ च्या उन्हाळ्यासाठी खाणीच्या बाजूच्या उतारावर रोजगार हमीचे काम मंजूर झाले होते. वनखाते पाणी अडवण्यासाठी डोंगराला आडवे चर खणणार होते, एकाखाली एक, आठ ओळींत. सहावी ओळ त्या शिळेच्या अगदी पायातून जात होती. खणणाऱ्यांत मंदाबाईचे नाव होते. कुदळीचा एक घाव टोपीवर पडला तर काय होईल, हे गावात एकट्या चिंधाआबांना माहीत होते.

फेब्रुवारीत मी त्यांना घेऊन वनपाल लीलाधर पाटील यांच्या कचेरीत गेलो. पाटील सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, नकाशा उघडला आणि सगळे ऐकून घेतले.

"आबा, बारा पावसाळे झाले. तुमची ती दारू कधीच भिजून माती झाली असेल."

"दारू भिजी साहेब. टोपी भिजत नही. तांबानी ऱ्हास."

"पण ती तिथं आहे, हे तुम्ही बघितलंय का?"

"नही."

"मग नाही, असं बघितलंय का?"

"ते बी नही."

पाटलांनी माझ्याकडे पाहिले. "सर, मी वर काय कळवू? काम बंद पडलं तर करंजपाणीत दोनशे माणसं बसून राहतील. लेखी द्या. खाणमालकाचे कागद मिळाले तर तेही जोडा."

खाणीचे पट्टेदार वारले होते. त्यांचे चिरंजीव सुरेशचंद अमळनेरच्या बाजारपेठेत बियाण्यांचे दुकान चालवत. त्यांनी माळ्यावरून जुनी नोंदवही काढून दिली, धूळ झटकून. शेवटच्या पानावर तो आकडा आणि ती सही होती.

"चिंधानं नऊ म्हटलं म्हणजे नऊ," ते म्हणाले. "आमच्या वडिलांनी पंधरा वर्षं त्याच्या एका शब्दावर माणसं खाली उतरवली. एकदा आठ म्हणाला होता, तर वडिलांनी दोन दिवस खाण बंद ठेवली. आता म्हातारपणी त्याला काहीतरी भास होतोय, सर. त्याला सांगा, तू चुकला नव्हतास."

हा निरोप मी चिंधाआबांना दिला.  ते म्हणाले, "मी चुकनू नही आसं बठ्ठा म्हनतस. कोनी तरी एक जन म्हना ना, चुकना म्हनीसन."

अर्ज मी लिहिला. तो जिल्हा कचेरीला आणि वनखात्याला पाठवला. त्यात मी असे वाक्य घातले होते: 'सदर ठिकाणी एक न उडालेला सुरुंग असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.' आधाराशिवाय विधान करू नये, या सवयीने ते लिहिले गेले. चिंधाआबांनी वाचून दाखवायला सांगितले. ऐकल्यावर त्यांनी विचारले, "हाई वाचीसन कोनी पळी का?" मी म्हणालो, सरकारी भाषा अशीच असते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आले: जागेची पाहणी केली, संशयास्पद काही आढळले नाही, खाणीच्या नोंदीनुसार सर्व नऊ सुरुंग उडालेले आहेत, सबब काम थांबवण्याचे कारण दिसत नाही. माझ्या अर्जातले ते वाक्य उत्तरात जसेच्या तसे उद्धृत केले होते.

काम सुरू झाले. चिंधाआबा रोज सकाळी मजुरांबरोबर वर चढत आणि ज्याला त्याला शिळा दाखवत. सुरुवातीला लोकांनी मान डोलावली. मग थट्टा सुरू झाली. मुकादम पितांबर हा मनाने वाईट नव्हता, पण जिभेवर ताबा नव्हता.

"काय आबा, तुमना बारनी तठे अंडं घाली ठेयेल शे का? बारा वरीस झायात, आते पिलूच निंघी."

बाया खो-खो हसल्या. त्यांत मंदाबाई नव्हती. ती खाली मान घालून खणत राहिली. घरी मात्र दोघांत रोज वाद होत होता. आबांनी तिचे हजेरीचे कार्ड एकदा पिठाच्या डब्यात लपवले. तिने ते शोधून काढले आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग त्यांनी तिला सांगून पाहिले की माहेरी जाऊन ये. ती म्हणाली, काम संपल्यावर जाईन. शेवटी त्यांनी पितांबरच्या हातापाया पडून ओठावरचा तुकडा स्वतःच्या नावावर मागितला. हमीच्या कामात प्रत्येकाला चराचा तुकडा मापून देतात. पितांबर म्हणाला, आबा, तुमच्याने आता वीतभर खणणे होणार नाही, आणि एका तुकड्यासाठी मी सगळी ओळ अडकवून ठेवू का?

सहावी ओळ शिळेजवळ पोचली ती १४ मे रोजी. त्या दिवशी मी तिथे होतो. ऊन इतके होते की हातात धरलेल्या पहारी लोक फडक्यात गुंडाळून वापरत होते. पांढऱ्या फक्कीची आखणी सरळ जाऊन शिळेच्या पायाला भिडत होती, आणि नेमका तो तुकडा मापाने मंदाबाईच्या वाट्याला आला होता.

चिंधाआबा सकाळपासून तिथेच होते. फक्कीच्या रेघेवर, शिळेला पाठ टेकून, पाय पसरून बसलेले.

"आबा, उठा तठून," मंदाबाई म्हणाली.

ते उठले नाहीत.

"लोके हासी राहिनात. घर चला म्हंतस तं येतस नहीत, आठे बसतस. काम बंद पडनं म्हंजे आमी कोठे जावानं? तुमीच सांगा."

"तू खन. कोनी नही म्हनस?"

"मंग उठा."

"मी उठाव नही. मार. पहिला घाव आठे मार." त्यांनी आपल्या दोन पायांच्या मधली जमीन तळहाताने थोपटली. "काही नही निंघनं तं मी येडा. निंघनं तं दोन्ही संगे जाऊत."

मंदाबाईने कुदळ उचलली. तिला खरेच राग आला होता. तिच्या मनगटाच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या. ओळीतले सगळे हात थांबले. कुदळ डोक्याच्या वर जाऊन तिथेच राहिली. चिंधाआबांनी डोळे मिटले नाहीत. ते घाबरले होते; त्यांचा खालचा ओठ हलत होता आणि ते काहीतरी मोजत होते, किंवा मला तसे वाटले. मग मंदाबाईने कुदळ हळूच बाजूला ठेवली, जणू तीही फुटेल, आणि ती मागे सरली. दहा पावले गेल्यावर ती खाली बसून रडू लागली.

पितांबर पुढे आला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. "कोन खनस?" त्याने ओळीला विचारले. चाळीस माणसांपैकी कोणीही पुढे झाले नाही. सुरुंगावर त्यांचा विश्वास बसला होता असे नाही. नंतर मी एकेकाला विचारले. बहुतेकांनी सांगितले, तिथे काही नाही. एक पावरा म्हातारी तेवढी म्हणाली की असेल किंवा नसेल, पण म्हातारा बसला आहे हे तर दिसत होते.

अर्ध्या तासाने पितांबरने फक्कीचे टोपले घेतले आणि शिळेपासून लांब, दरीच्या बाजूने, एक वाकडी रेघ ओढली. ती ओठापासून पुरेशी दूर आहे का, हे त्याने चिंधाआबांना विचारले. त्यांनी आणखी चार पावले मागे घ्यायला सांगितली. पितांबरने ती घेतली. साहेबांना काय सांगायचे ते बघू, असे तो पुटपुटला.

गावकऱ्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले. चिंधाआबांच्या दृष्टीने काहीच संपले नव्हते. चर वळला तरी शिळा तिथेच होती, आणि शिळेखाली जे असेल किंवा नसेल तेही. पुढच्या वर्षी गाळ काढायला नवी माणसे येतील. रोपे लावायला खड्डे खणतील. एखाद्या पावसात शिळा घसरेल. १९९२ च्या ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा ते भर पावसात, गोणपाटाची खोळ घेऊन, शिळेच्या कडेला खुंट्या ठोकत होते. ती किती हलली ते पाहण्यासाठी. दोन बोटे हलली होती. त्यांनी मला ते दोनदा मोजायला लावले, कारण आता त्यांचा स्वतःच्या मोजणीवर विश्वास उरला नव्हता. इतकी वर्षे ज्या माणसाच्या आकड्याच्या भरवशावर दुसरे जीव धोक्यात घालत होते, तो दोन बोटांसाठी परक्याची साक्ष मागत होता. मी दोनच सांगितले. "नक्की?" त्यांनी विचारले. "नक्की," मी म्हणालो, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळले की तेवढ्याने काही भागले नव्हते.

शेवटच्या आजारात ते मंदाबाईला एकच गोष्ट सांगत राहिले: मी गेल्यावर तू लोकांना सांगत जा. ती मला म्हणाली, "सर, मी काय सांगू? मन्हा डोयासमोर काही उडनं नही, काही निंघनं नही. मी खोटं बोलू का? आन नही सांगं तं..."  तिने सासऱ्यांना हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये चिंधा बैसाणे तापाने वारले. अंत्ययात्रेला पितांबर होता, वनपाल पाटील होते, आणि सुरेशचंद अमळनेरहून येऊन मागच्या रांगेत उभे होते. 

मे १९९६ मध्ये वनखात्याने त्या उतारावरील चरांची फेरमोजणी केली. सहाव्या ओळीची लांबी, शिळेजवळच्या वळणामुळे, आखणीपेक्षा अकरा मीटर जास्त भरली.